त्या गावची

साहेब, मी बोगुमिला. धावपट्टीच्या टोकाला
कँटीन होतं, तिथली. आता तिथे जुने टायर ठेवतात.

तुम्ही विमानाचं विचारताय.
मला विमानातलं कळत नाही, डब्यांतलं कळतं.

डिसेंबर होता. तळं गोठलेलं. लेशेक दिवसभर
धावपट्टीवरचा बर्फ खरवडत होता,
कुणासाठी, ते त्याला सांगितलं नव्हतं.
संध्याकाळी फोन: नऊ जेवणं, अकरापर्यंत.
मग पुन्हा फोन, तोच आवाज, जरा हळू:
एकात डुक्कर नको.

आमच्याकडे मांसाशिवाय जेवण म्हणजे शुक्रवार.
तो मंगळवार होता.
मी कोबी घातला, उकडलेलं अंडं, बीट,
झाकणावर पेन्सिलीने फुली केली, वर काटा ठेवला.
न्यायला आलेल्या पोराने काटा उचलून
माझ्या हातात परत दिला.
म्हणाला, हा नको.

विमान दिवे न लावता उतरलं.
गाडी पाइनच्या जंगलात गेली,
काचांना आतून कागद.
सकाळी आठ डबे परत आले.

एक मंत्री म्हणाले, विमान आलंच नाही.
दुसरे म्हणाले, आलं, पण रिकामं.
हे तिसरे म्हणतात, आम्ही फक्त जागा दिली,
पाहुण्यांनी आत काय केलं कोण जाणे.
माझ्या गोठ्यात शेजाऱ्याने कुत्रं बांधून मारलं
तर ओरडणं कुणाच्या गोठ्यातून येईल, साहेब?

मीही विचारलं नाही. बिल लावलं.
पैसे चौथ्या दिवशी आले, शिक्क्यासकट.
जो माणूस सरकारने कधी पाहिलाच नाही
त्याच्या कोबीचे सरकारने साडेचौदा झ्लॉटी मोजले.
त्यात मी भर घालून मुलीला बूट घेतले.

नाताळच्या आदल्या रात्री आम्ही एक ताट जास्तीचं मांडतो,
दार वाजवेल त्या अनोळखी माणसासाठी.
त्या वर्षीही मांडलं.
काटा ठेवताना लक्षात आलं, तोच आहे.
नवरा म्हणाला, सूप निवतंय.

सरकार म्हणतं, आपण त्या गावचेच नाही.
मी आहे त्या गावची.
ही घ्या बिलाची खालची प्रत.
कार्बन फिकट झालाय, खिडकीपाशी धरा.
नववी ओळ.