रकाना सातवा

आठवडाभर मी फोर्टात शटरं मोजतेय.
हातात फॉर्म, गळ्यात ए वॉर्डाचं ओळखपत्र,
आणि साहेबांची एकच सूचना :
"जागेची स्थिती लिहा. बाकी गोष्टी नकोत."

रकाना सातवा : चालू / बंद / रिकामी.

बोरा बाजारच्या मागच्या गल्लीत
टाइपरायटर दुरुस्ती, बंद.
कायद्याची पुस्तकं, जुनी-नवी, बंद.
शिपिंग एजंट, पहिला मजला, बंद.
कुलपांवर इतका गंज
की किल्लीलाही आता आठवणार नाही
आपले दात कुणासाठी कातले होते.

कचेऱ्या गेल्या वांद्र्याला, काचेच्या घरात.
त्यांच्यामागे गेला
दुपारी एकचा गलका,
झेरॉक्सचा कोमट वास,
आणि "उद्या देतो" म्हणणारी माणसं.
उधारी तेवढी मागे राहिली, वहीत.

मीटिंगमध्ये पाहवांनी भिंतीवर चित्र लावलं होतं.
हीच गल्ली, पण धुतलेली.
गुडघ्याएवढ्या कुंड्यांत झाडं, बाहेर खुर्च्या,
खुर्च्यांत माणसं,
सगळी पंचविशीची, सगळी हसणारी.
मी नीट पाहिलं :
एकाच्याही हातात पिशवी नाही.
कुणाला बटण नकोय, सुतळी नकोय,
कुणाची चप्पल तुटलेली नाही,
कुणाला लघवीला जायचं नाही.
"आधी दोन चांगली रेस्टॉरंट्स येऊ देत,"
पाहवा म्हणाले, "मग दुकानं आपोआप येतात."

आपोआप.
बावीस वर्षांच्या नोकरीत
आपोआप आलेली एकच गोष्ट मी पाहिलीय :
रेकॉर्ड रूममधली वाळवी.

गाळा नंबर चौदा. शटर अर्धं खाली.
"बंद" लिहायला पेन टेकवलं
तोच आतून आवाज :
"वाकून या बाई, डोकं सांभाळा."

मोईजभाई छत्रीवाला, रबरी शिक्के.
खांदा गेलाय त्यांचा,
म्हणून शटर तेवढंच वर जातं जेवढा हात.
भिंतीवर ओळीने नमुने :
रद्द, नक्कल, रक्कम पोचली,
आणि मेलेल्या कंपन्यांची नावं,
सगळी उलटी.
माझं ओळखपत्र त्यांनी सावकाश वाचलं.
"सरळ अक्षर मला जरा जड जातं," म्हणाले.

चहा मागवला नाही. मागवणार कुणाकडून?
चहावाला गेल्या दिवाळीतच नालासोपाऱ्याला गेला.
थर्मासातला अर्धा मला दिला.

मी चित्राचं सांगितलं. कुंड्या, खुर्च्या.
"येऊ देत की. खाणारा माणूस वाईट नसतो.
फक्त विचारा त्यांना,
साडेसातनंतर इथे राहतं कोण?
जेवायला आलेला जेवून जातो.
ज्याची किल्ली हरवते ना,
तो परत येतो."

मग बराच वेळ ब्लेड पुसत राहिले.

"माझ्या गाळ्यात पावभाजी झाली तरी चालेल.
खरंच. मुलगा शारजात, शिक्के कोण करणार?
पण पाटी ठेवा म्हणावं.
रंगवायला चाळीस रुपये दिले होते, त्या काळचे."

फॉर्म माझ्या मांडीवर तसाच.
चालू म्हणावं, तर गिऱ्हाईक महिन्यात तीन.
बंद म्हणावं, तर माणूस आत बसलाय.
रिकामी म्हणावं, तर
थर्मासाची वाफ अजून माझ्या चष्म्यावर.

"एक शिक्का करून द्या," मी म्हटलं.
"काय कोरू?"
"अर्धं उघडं."

वीस मिनिटं लागली.
त्यांनी अनुस्वार दोनदा तपासले.
एकशे वीस रुपये घेतले, सुटे,
आणि पावती दिली.

सातव्या रकान्यात तो मी दाबून मारला.
शाई थोडी फुटली, शेजारच्या
"भाडेकरूचे नाव" मध्ये गेली.

ऑफिसात संगणकाने तो घेतला नाही.
ऑपरेटर मुलगी म्हणाली, मॅडम, यादीत असलं काही नाही,
आणि "इतर" निवडून पुढे गेली.
पाहवांच्या पुढच्या चित्रात
चौदा नंबरला आइस्क्रीम आहे.

शिक्का माझ्या पर्समध्येच राहिलाय.
काल भाजीवाल्याला सुटे काढून देताना
बोटाला जांभळं लागलं.
त्याने नोट उजेडात धरून पाहिली
आणि ठेवून घेतली.