या कानाचं त्या कानाला

टांपेरेत जानेवारी, उणे एकोणीस.
इंकेरीने टोपी ओढली
आणि लोकरीचा एक धागा कानातल्या खड्यात अडकला.
ती दारातच थांबली,
एक बूट काढलेला, एक तसाच.
ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, हलू नकोस,"
जणू टोपी माझ्याच डोक्यावर होती.

मी ट्रामच्या दारांचा मेकॅनिक.
बिजागऱ्या, स्प्रिंगा, रबराच्या पट्ट्या,
अडकलेलं सोडवणं हाच धंदा.
तरी तो धागा कापायला
नखांची कात्री, चष्मा
आणि श्वास रोखून दोन मिनिटं लागली.

वही तिच्या दप्तरात असते.
दर रविवारी या घरातून त्या घरात जाते.
आधी तिच्यात गणिताच्या चाचण्या असायच्या,
खोकल्याचं औषध, हरवलेला डावा हातमोजा.
या महिन्यात नुसते कान.
साइलाचं सुटं, ताठ अक्षर:
हात धुऊन. मग पुन्हा धुऊन.
पाणी उकळून गार केलेलं, कपभराला पाव चमचा मीठ.
कापूस नको, तंतू राहतात.
खपली ओढायची नाही, भिजवायची.
फिरवू नकोस.

"फिरवू नकोस"च्या खाली दोन रेघा.
कान इंकेरीचे टोचले,
वही माझे टोचते.
बारा वर्षांत मी बऱ्याच गोष्टी
उगाच फिरवून पाहिल्या होत्या,
नीट बसल्यात का म्हणून.

आईचा कायानीहून फोन:
"रोज फिरव रे, नाहीतर कातडी धरून बसेल.
आम्ही स्पिरिट लावायचो, कोण मेलं का?"
हो म्हणालो, आणि कानामागे टाकलं.

शनिवारी सॉना. ती वर आली नाही,
धातू तापतो म्हणे, वहीत लिहिलंय.
मग मीही नाही गेलो.
टॉवेल गुंडाळून आम्ही बाहेरच्या पायरीवर बसलो,
मोहरी लावून सॉसेज खाल्ले.
शेजारचे ऱ्यूहानेन वाफाळत बाहेर आले,
आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं,
"कोणी आजारी आहे का?"
"कान," इंकेरी म्हणाली, अभिमानाने.

तिसऱ्या आठवड्यात डावी पाळी लाल झाली.
गरम. कडेला पिवळट थेंब.
मी मिठाचं पाणी केलं, गॉज भिजवून धरलं,
ती आकडे मोजत राहिली, तीनशेपर्यंत,
दोनशे चाळीसला झोपली.
मग मी वही उघडून लिहिलं:
सगळं ठीक.
या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही,
मला वाटायचं, घर असंच चालतं.

सकाळी तिने ते वाचलं.
"आई वहीही बघेल," ती म्हणाली,
"आणि कानही."

खोडरबर तिच्याच कंपासपेटीतलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
मी खोडलं. लिहिलं:
डावा लाल आहे. उशीचा अभ्रा
बारा दिवस बदलला नव्हता. चूक माझी.
अक्षर माझं, पण कागदाला स्ट्रॉबेरीचा वास.

पुढच्या रविवारी वही परतली.
खाली, पेन्सिलने, रेघा न मारता:
माझ्याकडेही बदलला नव्हता.

एवढंच. मी ते उभ्या उभ्याच वाचलं,
जॅकेटही काढलं नव्हतं.

आता लाली उतरलीय.
गंमत अशी की ही जखम
आपल्याला बुजू द्यायचीच नसते,
कडा तेवढ्या बऱ्या करायच्या,
मधे जागा ठेवायची.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
वहीत तर नाहीच.

इंकेरी प्रवासाच्या गोल उशीवर झोपते,
कान मधल्या पोकळीत, कशालाही न टेकता.
सहावा आठवडा. पाणी गॅसवरून उतरवलंय.
मी मीठ घालतो, पाव चमचा,
वरचं बोटाने सपाट करून,
आणि गार होईपर्यंत
कपावर बशी ठेवतो.