पिवळा खडू

छुसॉकच्या आधीच्या शनिवारी बाबा
आजोबांच्या थडग्यावरचं गवत कापायला एकटेच गेले,
सोमजिन नदीच्या अलीकडच्या टेकडीवर.
मला सुट्टी नव्हती. मी ग्वांगजूत
काचेच्या बशीत हाच जंतू वाढवत होते.

दहाव्या दिवशी ताप. पट्ट्याखाली
मसुराएवढी काळी खपली.
दुखत नव्हती, म्हणाले, मग दाखवायची कशाला?

एकतीस वर्षं त्यांनी गिअर तपासले.
दात वाकडा दिसला की पिवळ्या खडूची रेघ,
रेघ दिसली की भट्टी.
वितळलेल्यातून पुन्हा नवं चाक.
जेवतानाही चमचा उजेडात धरून बघायचे.

त्या रात्री सलाइनखाली विचारलं त्यांनी:
आत नेमकं करतो काय तो?

मी सांगितलं, पेशीतही तुमच्यासारखा एक बसलेला असतो.
प्रथिनाची घडी चुकली की खूण करतो,
मागच्या दारानं बाहेर, तिथे तुकडे,
तुकड्यांतून पुन्हा नवं.
हा येतो तो उपाशी, स्वतःची चूल नसलेला.
आधी मागचं दार दाबून धरतो.
बिघडलेला माल आत साठत जातो, साठत जातो,
पेशी घाबरते, भोंगा वाजवते, जादा माणसं लावते.
मग वाढायची वेळ झाली
की दार सोडून देतो
आणि भट्टीच्या तोंडाशी ताट मांडून बसतो.

म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या.

हो. पण कुलूप तुटलेलं नाही, बाबा.
सगळे आपापल्या जागी आहेत.

बराच वेळ सलाइनचे थेंब मोजत राहिले.
मग म्हणाले, आणि तो तपासनीस?
झोपला होता?

नाही. काम करत होता. चोख.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.
मला वाटलं, हे सांगायला नको होतं.

गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी ताप उतरला.
नर्सनं हाक मारली, कू दालसू-स्सी, पेज घ्या.
घेतली. चमचा न बघता.
मग मला म्हणाले, डावी बाजू राहिलीय कापायची,
वाकडं दिसत असेल.

रविवारी गेले मी,
पँट मोज्यात खोचून, बाह्या मनगटापर्यंत.
अर्धा उंचवटा भादरलेला, अर्धा झिपरा.
विळा तिथेच, पात्यावर तांबूस गंज.
उरलेलं कापलं.
दारूचा पेला ओतला, वाकून नमस्कार केला
उभ्याउभ्याच,
गुडघे गवताला लागू न देता.