पाच बाय पाच

"बाई का बाप्या, एवढंच सांगा मॅडम,"
होनराव साहेब दारातूनच म्हणाले.
अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातलं कपाट फुटलं होतं.
रात्रपाळीला कांडीवर अकरा बाया, मागावर नऊ माणसं,
आणि मीटरच्या काचेवर
एकच अंगठा, काळ्या भुकटीत उमटलेला,
तोही अर्धा.

अर्ध्या अंगठ्यावर नाव नसतं.
तरी मी चौकट ठेवली,
पाच मिलिमीटर बाय पाच,
आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत
रेघा मोजत गेले.

भिंग नायनांचं. पितळी, घडीचं.
मिलमध्ये ते यातून कापड वाचायचे,
इंचात ताणा किती, बाणा किती.
नुसतं चिमटीत धरून सांगायचे,
हे विसाचं सूत, हे चाळीसचं.
मिल बंद पडली, फंडाची वाट बघण्यात आठ वर्षं गेली,
भिंग तेवढं खिशातून घरी आलं होतं.

बाईच्या बोटाचं सूत बहुधा बारीक,
तेवढ्याच चौकटीत जास्त रेघा मावतात.
पुरुषाचं जाडंभरडं.
वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं,
घरचंच काहीतरी सांगतायत असं वाटलं होतं.

बारा.
पुन्हा मोजल्या. बाराच.
लिहिलं: पुरुषाचा असण्याची शक्यता अधिक.
साहेबांनी पहिला शब्द वाचला
आणि गाडी काढली.

दुपारी अकरा बाया सुटल्या,
चपला हातात घेऊन जवळजवळ पळतच,
पोरं शाळेतून यायची वेळ झाली होती.
नऊ माणसं बाकावर राहिली.
त्यांतला श्रीहरी कोडम, मिसरूडही नीट न फुटलेला,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

रात्री विडी घरकुलात अम्माकडे गेले.
सूप मांडीवर, पानं भिजवलेली, दोरा दातात.
तिला सगळं सांगितलं, सांगू नये ते.
मग म्हटलं, अंगठा दे.
"रेशनवाल्यानं मागितला, बँकेनं मागितला,
आता तू राहिली होतीस."

शाई लावली. कागदावर टेकवला.
चौकट ठेवली, भिंग ठेवलं.
आत काही नाही.
खळ देऊन इस्त्री मारलेल्या कापडासारखं सपाट.
तर्जनीत तेच.
मधल्या बोटात चारदोन तुकडे,
आणि जिथं रेघ उरली होती तिथं
शेजारच्या दोघी झिजून एकीत मिसळलेल्या.
दोनाच्या ठिकाणी एक मोजावी लागत होती.

चाळीस वर्षं, दिवसाला हजार.
शून्य रेघांसाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही.

अम्मा माझ्या खांद्यावरून वाकली.
"काय निघालं? बाई का बाप्या?"
आणि स्वतःच इतकी हसली
की सुपातली तंबाखू सांडली.

ती गोळा करताना मला तिची करंगळी दिसली,
सगळ्यांपासून जरा लांब धरलेली,
लग्नात वाढपाला उभ्या असलेल्या पोरीसारखी.
तिला शाई लावली.
सतरा.
एकीला एक लागून, एक तुटलेली नाही,
नायना असते तर म्हणाले असते, ऐंशीचं सूत.

"ते बोट वळायला लागत नाही," अम्मा म्हणाली,
"त्यानं जन्मात एक पैसा मिळवला नाही."

सकाळी सहीच्या वर एक ओळ वाढवली:
कामाने झिजलेल्या बोटांवर ही मोजणी विसंबण्याजोगी नाही.
मला माहीत होतं या ओळीनं काय होणार.
अकरा बाया पुन्हा येणार,
या खेपेला शाळा सुटायच्या आत घरी पोचणार नाहीत,
आणि कोडमचा पोरगा कदाचित हात बाहेर काढेल.
कदाचित नाही.

साहेबांनी या खेपेला पूर्ण वाचलं.
कागद खाली ठेवला.
"मॅडम, न झिजलेलं बोट
सोलापुरात आणायचं कुठनं?"