शेवटचा रकाना

टेबलात सगळं शिस्तीत होतं.
प्लॉट नंबर, बागेचं गाव, तोडणीची तारीख,
एका ओळीत एक माल, एका घरात एक किंमत.
फक्त शेवटच्या रकान्यात
लॅबने अख्खी वेल कोंबलेली:
खुणेत खूण, तिच्या पोटात आणखी खूण,
आणि पार आत कुठेतरी
औषधाचा एक अंश.

आठ वर्षं पिंपळगावच्या या पॅकहाऊसमध्ये
मी पेट्या मोजल्या. सरळ बेरजा.
हे एक्सएमएल बेरजेत बसेना.
पहिल्या दिवशी त्याला नुसता मजकूर समजून
‘०.०५’ शोधलं,
तर वजनातलं, तापमानातलं, काट्याच्या चुकीतलं
सगळंच हाती आलं.
रेहाना पिंजारी मागून म्हणाली,
ताई, पाला ओरबाडू नका. वाट सांगा त्याला.

वाट म्हणजे तिरक्या रेघा.
अहवाल / नमुना / घटक / प्रमाण.
मला ती पाठच होती, दुसऱ्या नावांनी:
खोड, ओलांडा, काडी, घड, मणी.
आणि मोजणी इथे एकपासून,
पहिला नमुना म्हणजे पहिलाच.
का कोण जाणे, त्याने धीर आला.

चालवलं.
चूक नाही.
उत्तरही नाही.
शून्य ओळी, आणि खाली कोपऱ्यात
‘यशस्वी’.

तीन दिवस स्पेलिंगं तपासली,
डबा तसाच घरी नेला.
चौथ्या दिवशी बाहेर लाइनवर
पेठच्या बाया कात्रीने घड साफ करत होत्या
आणि मुकादम ओरडत होता, मंदा! ए मंदा!
लाइनवर मंदा चार. एकीनेही मान वर केली नाही.
मग तो म्हणाला, भोयेंची मंदा!
लगेच एक कात्री थांबली.

मी आत पळाले.
फाइलच्या माथ्यावर, जी ओळ रोज ओलांडून जात होते,
तिथे लॅबने आपलं घराणं लिहून ठेवलं होतं.
खालच्या साऱ्या खुणा त्या घराण्याच्या
आणि मी नुसत्या नावाने हाका मारत बसलेली.

घराणं आधी सांगितलं. पुढे तीच वाट.
चारशे बारा ओळी
क्रेट उतरावेत तशा धडाधड उतरल्या.
रेहानाने टाळीसाठी हात उचलला,
पण माझं बोट दोनशे सहाव्या ओळीवर:
मोहाडी, प्लॉट सत्त्याहत्तर, तिसरा नमुना,
मर्यादेच्या जरासा वर.
त्या मालाचा कंटेनर दारात.
इंजिन चालू.

रेहानाचा हात हवेतच राहिला.
मी फोन घेतला. यादीत मोहाडीचे बोरस्ते अकरा.
प्लॉट नंबर, शिवार, वडलांचं नाव विचारत विचारत
नेमक्या त्याच माणसापर्यंत पोचले
आणि म्हणाले,
भाऊ, माल थांबवावा लागेल.