प्रतवारी

तासगावच्या शेडमध्ये आम्ही अकराजणी.
पट्ट्यावरून बेदाणा सरकत येतो
आणि बोटं आपोआप डागी माल उचलतात.
किलोमागे पैसे. नजर चुकली की कपात.
अशी माझी नजर,
आणि प्रांजलच्या अंगावरचे डाग मी सात वर्षं
साबण लावून नुसते धूत राहिले.

चहा सांडावा तसे. पाठीवर, मांडीवर, एक काखेत.
आई म्हणायची, लासं आहेत, नशीबवान निघेल पोरगी.

मग ती फळ्याला नाक लावून बसायला लागली,
मान तिरकी करून. बाईंना वाटलं, नाटकं.
चष्म्याच्या दुकानदारानं मिरजेला जा म्हटलं.

मुजावर मॅडमनी पट्टी लावून डाग मोजले.
सहाच्या पुढं गेल्यावर मोठ्यानं मोजायच्या थांबल्या.
मग म्हणाल्या, ताई, तुमची बाही जरा वर करा.

केली वर.
बत्तीस वर्षं मी ते अंगावर वागवत होते
आणि मला कुणी मोजलं नव्हतं.

मशीनमधून बाहेर आल्यावर प्रांजल म्हणाली,
आई, आत तुमचं चाळणीचं मशीन आहे गं, तसंच ठकठकतं.
मी हललेच नाही.

डोळ्यांच्या नसा आत जिथं एकमेकींना ओलांडतात
तिथं गाठ.
केवढी? मॅडम अडखळल्या, म्हणाल्या,
तुमच्या बेदाण्याएवढी.
मी विचारलं, गोल की लांबट?
दुसरं काय विचारायचं असतं, मला ठाऊक नव्हतं.

कापायला गेलं तर नजरच जायची.
पुष्कळदा म्हणे ती अशीच झोपून राहते.
वाढली तर सलाईनमधून औषध, आठवड्याच्या आठवड्याला, वर्षभर.
नाही वाढली तर सहा महिन्यांनी पुन्हा फोटो.
म्हणजे खरड छाटणीला आलो,
आता फळछाटणीला यायचं.

परतताना तिचे वडील खिडकीबाहेर बघत होते.
मधेच माझ्या कोपराकडं.
बोलले नाहीत. मी बाही खाली ओढली,
मग पुन्हा वर केली.

सांगली स्टँडवर गाडी बदलताना
मी तिला लांबूनच विचारते,
ती येतेय तिचा बोर्ड वाच.
ती मान तिरकी करते, खणखणीत सांगते,
तासगाव, मार्गे कवलापूर.

बरोबर असतं.
फक्त गाडी अजून वळलेली नसते,
बोर्ड आमच्याकडं फिरायचा असतो.