छत्तीस व्होल्ट

धनकवडीच्या गच्चीवर बारा फुटांची जाळी.
तिला मी सतरा वर्षं दोन्ही हातांनी फिरवत आलो,
आणि तीन मजले खाली, टीव्ही आणि जिना यांच्या मधे उभी राहून
शालन ओरडायची: आलं. गेलं. थोडं मागे घ्या.
अहो, आलं होतं ना!

दिवाळीनंतर एकदा म्हणाली, आता नाही.
चेअरमन जिन्यात अडवून विचारतात,
वहिनी, आज काय आलं, काय गेलं?

म्हणून मोटर.
म्हणून ही वही, ही शिसपेन्सिल,
तपकीर गल्लीत चार चकरा.
खिंवसराशेठनी काउंटरवर एक गोंडस डबा ठेवला,
एकाच केबलवर चालतो, वेगळी वायर नको.
डिश केवढी?
मी हात पसरले.
त्यांनी न बोलता डबा परत आत ठेवला.
मीटरभर डिशच्या मानेसाठी होता तो;
माझ्या जाळीला म्हणजे
रोडरोलरला जुंपलेलं करडू.

उरले दोन.
एक, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत फिरणारी,
बंद पेटीत दाते, परदेशी.
किंमत ऐकून मी चष्मा काढून पुसला.
दुसरा, दांडा. नळीतून नळी बाहेर सरकते
आणि डिशचा कान धरून ढकलते.
अठरा इंची, चोवीस, छत्तीस.
भोसरीत तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला
एक लांबी ठरवता येऊ नये?
येईना.
चोवीसचा पूर्वेला पुरतो, पश्चिमेला तोकडा.
छत्तीसचा सगळीकडे पोचतो
पण शेवटच्या वीतभरात बळ हरवतो,
आणि वळवाच्या दुपारी कात्रजकडून जो वारा सुटतो
तो दांड्यावरचं लेबल वाचत नाही.

जुन्या बाजारात मेहबूब तांबोळींकडे एक छत्तीसचा होता,
कुणा बुडालेल्या केबलवाल्याचा.
रबरी भाता फाटलेला, आत गंजाचं पाणी.
मीटर लावून हातानं फिरवला:
काटा उठला, पडला, उठला.
फेरे मोजणारा स्विच अजून जिवंत.
ते बाराशे म्हणाले, मी आठशे. चहा आला.

घरी वर्तमानपत्रावर पसरला तेव्हा
शालननं शिलाई मशीन थांबवलं.
ब्याण्णव साली तिनं पायाच्या मशीनला मोटर बसवून घेतली;
मी कशाला म्हणालो होतो, ते ती विसरलेली नाही.
दांड्याचं टोक दोन बोटांत धरून तिनं हलवलं.
खेळ किती आहे?
कसला खेळ?
हाच. हा सैलपणा.
बाहीला एवढा चालतो, कॉलरला नाही.
तुमची डिश बाही आहे की कॉलर?

कॉलर, मी म्हणालो.
एक सूत इथे ढिलं, तर तिकडे वर शेकडो मैल.

काळोखेच्या लेथवर गनमेटलचा नवा बुश.
नवा भाता, तोंड खाली, पाणी निथळायला भोक.
जाड वायर, कारण तीन मजल्यांत व्होल्ट सांडतात.
आणि साडेअठरा अंश, पुण्याचे स्वतःचे,
आस ध्रुवाकडे रोखून, ओळंबा लावून,
पुन्हा लावून, तिसऱ्यांदा रात्री टॉर्चमध्ये.

रविवारी संध्याकाळी छत्तीस व्होल्ट सोडले.
जाळी कण्हली. दोन कावळे उडाले.
मग ती हलली, इतकी हळू
की मागच्या टाकीच्या कडेवरून ओळखावं लागलं.
मी गच्चीत उभा, हात काय करायचे ते न कळून
खिशात घातले, परत काढले.
रिमोट खाली होता, तिच्याकडे.

आणि जिन्यातून आवाज:
अहो, आलं!

मी काहीच केलं नव्हतं.
काय आलं, मी वरून ओरडलो.
भाषा कळत नाही, ती म्हणाली,
पण हिरवं गवत आहे लांबवर,
आणि एक बाई मेंढ्या मोजतेय.
थांबा, मोजून होऊ दे तिचं.